कूलिंग पॅड म्हणजे कूलर नव्हे

ग्वाल्हेरला मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांपर्यंत जातो आणि आमच्याकडे संशोधन-संपादनाचे बरेचसे काम नेमके याच सुट्टीत उरकले जाते. जुना पत्रव्यवहार, मोडीतली दप्तरे, हस्तलिखित वह्या यांची छायाचित्रे घ्यायची, लिप्यंतर करायचे, टंकलेखन करायचे. हे सारे आता लॅपटॉपवर होते, आणि लॅपटॉप तापतो. आधी तो मंदावतो, कधी आपोआप बंद पडतो, आणि न साठवलेला मजकूर जातो. मोडीचे एखादे पान लावायला दोन दुपारी लागलेल्या असतात. ते पुन्हा लावताना पहिल्यासारखा उत्साह राहत नाही. मग कोणीतरी सुचवतो, 'कूलिंग पॅड घ्या.' घ्यावा का, हे विद्यार्थी मला दरवर्षी विचारतात, म्हणून सविस्तर लिहितो.

घोटाळा नावापासूनच आहे. ग्वाल्हेरकराला 'कूलिंग' म्हटले की कूलर आठवतो. कूलरमध्ये ओल्या वाळ्यातून किंवा गवतातून हवा ओढली जाते, पाण्याची वाफ होताना हवेतली उष्णता शोषली जाते आणि खोलीत खरोखरच थंड वारा येतो. साध्या कूलिंग पॅडमध्ये यातले काही नाही. त्यात एक ते पाच-सहा छोटे पंखे असतात. खोलीतली हवा ते लॅपटॉपच्या पोटाकडे ढकलतात, इतकेच. हवा ४० अंशांची असेल तर ती ४० अंशांचीच पोचते. याला मराठीत आपण 'पंख्याचा पाट' म्हटले असते, तर निम्म्या अपेक्षा आपोआप गळल्या असत्या.

लॅपटॉपच्या आत काय चालते ते पाहू. प्रोसेसरला चिकटून तांब्याची एक चपटी, बंद नळी असते. तिच्यात किंचित द्रव असतो. गरम टोकाला त्याची वाफ होते, दुसऱ्या टोकाला ती निवून पुन्हा द्रव होते. त्या दुसऱ्या टोकाशी पातळ पत्र्यांची दाट जाळी असते आणि तिच्यावर पंखा हवा फेकतो. बहुतेक लॅपटॉप ही हवा तळाच्या भोकांतून आत घेतात आणि मागून किंवा बाजूने गरम करून सोडतात. प्रोसेसर साधारण १०० अंशांच्या आसपास पोचला की स्वतःचा वेग कमी करतो. तरीही भागले नाही तर यंत्र बंद होते. हा बिघाड नसून बचाव आहे.

आता गादीवर लॅपटॉप का ठेवू नये, हे सांगावे लागणार नाही. चादर भोकांना चिकटते आणि यंत्राचा श्वास कोंडतो. टेबलावरही तळाखाली फट अगदी थोडीच असते. स्टँडचा खरा फायदा हाच, की तो ही फट मोठी करतो. म्हणून माझे मत स्पष्ट आहे: आधी स्टँड, पॅड नंतर. तोही महागाचा हवा असे नाही. घरातल्या पाटावर दोन लाकडी पट्ट्या अशा ठेवा की लॅपटॉपच्या फक्त कडा टेकतील आणि मधला भाग मोकळा राहील. काही जण जाड दिवाळी अंकांची चळत वापरतात. चालते, पण अंकांना याहून बरा उपयोग आहे.

उंच स्टँडवर पडदा डोळ्यांच्या पातळीला येतो, मान वाकत नाही. मात्र तिथे हात उचलून टंकणे त्रासाचे. दिवसभर लिहिणाऱ्याने वेगळा कीबोर्ड घ्यावा.

पॅड कोणाला उपयोगी? ज्याच्या लॅपटॉपला तळाशी भोके आहेत आणि पॅडचे पंखे बरोबर त्या भोकांखाली येतात त्याला. घेण्यापूर्वी पातळ कागदाची पट्टी भोकांजवळ धरून पाहावी. ती आत ओढली गेली तर तिथून हवा जाते. पॅडचा वाराही वरच्या दिशेने यायला हवा. पंखा जिथे बंद पत्र्यावर फुंकतो, तिथे फरक किरकोळ पडतो. काही लॅपटॉपना पंखाच नसतो, २०२० चा एम-१ मॅकबुक एअर त्यांपैकीच. तिथे पॅडपेक्षा सावली आणि मोकळी हवा महत्त्वाची. शिवाय पॅड लॅपटॉपच्याच यूएसबीवर चालवला तर तो बॅटरी खातो. मोबाइलचा चार्जर जवळ असेल तर पॅड त्यावर लावावा.

सर्वांत मोठा वाटा खोलीचा. काम तेच असेल आणि खोली दहा अंशांनी तापली, तर आतला प्रोसेसरही साधारण तेवढाच जास्त तापतो. म्हणून शेकडो पानांची अक्षरओळख संगणकाकडून करून घ्यायची असेल, तर ते काम मी पहाटे लावतो. नुसते टंकलेखन दुपारीही चालते, त्याला फारशी शक्ती लागत नाही. कूलरच्या खोलीत बसावे, पण तुषार अंगावर येतील अशा जागी लॅपटॉप ठेवू नये.

आणि धूळ! आमच्याकडे उन्हाळ्यात आंधी येते, बारीक माती फटीफटीतून घरात शिरते. ती आतल्या जाळीवर साचून नमद्यासारखा थर होतो. तो असेपर्यंत कोणताही पॅड व्यर्थ. वर्षातून एकदा, शक्यतो मार्चमध्ये, जाणकाराकडून आतून सफाई करून घ्यावी. यंत्र तीन-चार वर्षांचे असेल तर प्रोसेसरवरचा वाळलेला लेपही बदलायला सांगावे. मंदावलेल्या जुन्या लॅपटॉपला याचा गुण पॅडहून अधिक येतो.

उष्णतेने बॅटरीही लवकर म्हातारी होते, विशेषतः पूर्ण भरलेली असताना. चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय असेल तर उन्हाळ्यात ती चालू ठेवावी. टचपॅड वर उचललेला दिसला किंवा झाकण नीट मिटेनासे झाले, तर बॅटरी फुगली असण्याची शक्यता मोठी. अशा वेळी दाबून बसवण्याचा प्रयत्न करू नये, चार्जर काढावा, यंत्र बंद करून दुरुस्तीवाल्याकडे न्यावे.