पाणी पाहायला जाताय? आधी धरणाची खबर घ्या

पावसाळा लागला की आपल्या जिल्ह्यातली माणसं पाणी पाहायला निघतात. कुणी अकोले तालुक्यातल्या रंधा धबधब्याकडं जातात, तर गंगाकाठचे भाविक श्रीरामपूर तालुक्यातलं सराला बेट गाठतात. दोन्ही ठिकाणी एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. पाऊस थांबला म्हणजे पाणी थांबलं, असं नाही.

भंडारदऱ्यापासून दहाएक किलोमीटरवर रंधा आहे. प्रवरा इथं सुमारे १७० फूट खाली कोसळते. काठावर घोरपडा देवीचं मंदिर आहे. वरच्या अंगाला १९२६ साली पूर्ण झालेलं, ११ टीएमसीचं भंडारदरा धरण. ते भरलं की सांडव्यातून पाणी सुटतं. खाली ऊन पडलेलं असतं, पोरं पात्रातल्या कातळावर बसलेली असतात आणि बघता बघता कातळ पाण्याखाली जातो. शेवाळावर तर पायही ठरत नाही.

सराला बेटाला चहूबाजूंनी गोदावरीचं पात्र. हे गंगागिरी महाराजांचं स्थान. त्यांच्या परंपरेतला अखंड हरिनाम सप्ताह दरसाल निरनिराळ्या गावी भरतो. या भागात पावसाची ओढ असली, तरी त्र्यंबक-इगतपुरीकडं जोर झाला की गंगापूर, दारणा धरणांचं पाणी नांदूर मधमेश्वर बंधाऱ्यावरून इकडं येतं आणि गंगा फुगते. ऑगस्ट २०१९ चा महापूर गंगाकाठ विसरलेला नाही.

विसर्गाचा आकडा क्युसेकमध्ये येतो. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. दहा हजार क्युसेक म्हणजे दर सेकंदाला दहा हजार लिटरचे अठ्ठावीस टँकर! अशा पाण्यात पट्टीच्या पोहणाऱ्याचंही काही चालत नाही.

विसर्गाची सूचना गावात आली की आपण नदीवरची मोटार वर काढतो, जनावरं काठावरून हलवतो. पण बाहेरगावच्या पाहुण्याला हे कोण सांगणार? तलाठी, ग्रामसेवक, पोलीस पाटील यांनी सूचना कार्यालयातल्या फळ्यापुरती ठेवू नये. मंदिराच्या कर्ण्यावरून पुकारावी, वाटेवरच्या पाटीवर खडूनं आकडा लिहावा, पाणी वाढताना उतारावर दोर बांधावा. याला फार खर्च येत नाही.

पाहुण्यांनीही भात लावलेल्या खाचरांचे बांध तुडवू नयेत. ते फुटले की पाणी वाहून जातं अन् रोपं उघडी पडतात.

प्रवरा आणि गोदावरी पुढं प्रवरासंगमला मिळतात, ते पाणी जायकवाडीला जातं. पाणी त्याच्या वाटेनं जाईल. पाहायला आलेला माणूस तेवढा सुखरूप घरी पोचला पाहिजे.