परिचित शब्द, अपरिचित संज्ञा

मराठी ही मातृभाषा नसलेला विद्यार्थी मराठी काव्याच्या अभ्यासाकडे वळला, की अपरिचित संज्ञा त्याची वाट अडवतील, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः 'ओवी' हा शब्द नवा असल्यामुळे तो त्याचा अर्थ विचारतो व नीट शिकतो. धोका संभवतो तो ओळखीच्या शब्दांपासून. 'यमक' आणि 'छंद' हे शब्द संस्कृतातून अनेक भारतीय भाषांत आले. परंतु प्रत्येक भाषेत त्यांचा संसार निराळा झाला.

प्रथम 'यमक' पाहू. संस्कृत साहित्यशास्त्रात यमक हा शब्दालंकार होय. तोच अक्षरसमूह भिन्न अर्थाने पुन्हा योजला म्हणजे तो साधतो. हिंदी काव्यशास्त्राने हा अर्थ जपला आणि चरणान्तीच्या ध्वनिसाम्यास 'तुक' किंवा 'अन्त्यानुप्रास' म्हटले. मराठीत मात्र हेच ध्वनिसाम्य सामान्यतः 'यमक' या नावाने ओळखले जाते. त्यामुळे मराठी समीक्षक एखाद्या रचनेस 'निर्यमक' म्हणतो, तेव्हा हिंदीभाषक विद्यार्थी तिच्यात एक अलंकार नाही एवढेच समजतो. तुकान्ताचे बंधन कवीने सोडले, हा मुख्य मुद्दा त्याच्या हातून निसटतो.

'छंद' या शब्दाची स्थिती अधिक सूक्ष्म आहे. हिंदीत छंद ही व्यापक संज्ञा असून वर्णिक व मात्रिक हे तिचे प्रमुख भेद आहेत. मराठीतही छंदःशास्त्र हे सर्व पद्यरचनेचे शास्त्र, पण माधवराव पटवर्धनांनी 'छंदोरचना' या ग्रंथात (१९२७, विस्तारित आवृत्ती १९३७) पद्याचे तीन वर्ग स्पष्ट केले. लघुगुरूंचा क्रम निश्चित असेल ते वृत्त, मात्रांची संख्या निश्चित असेल ती जाती, आणि केवळ अक्षरसंख्येवर उभा राहतो तो छंद. या वर्गीकरणानुसार दोहा हा छंद न ठरता जातिरचना ठरतो, कारण त्याच्या प्रत्येक ओळीत तेरा व अकरा अशा चोवीस मात्रा मोजल्या जातात.

हा भेद केवळ नावांचा नाही. मोठ्या अभंगात सहा, सहा, सहा व चार अक्षरांचे चार चरण असतात आणि दुसऱ्या व तिसऱ्या चरणांत यमक जुळते. येथे ऱ्हस्व-दीर्घाचा हिशेब होत नाही. तो करू पाहणाऱ्या वाचकाला तुकारामांच्या रचनेत जागोजागी दोष दिसू लागतील. तो दोष मापाचा असेल, कवितेचा नव्हे. ओवी तर याहूनही मोकळी. ज्ञानेश्वरीत पहिले तीन चरण यमकाने बांधलेले, चौथा आखूड व सुटा. अक्षरसंख्या मात्र सर्वत्र सारखी नाही.

तेव्हा संज्ञांची यादी पाठ करण्यापेक्षा प्रत्येक संज्ञेपाशी तीन गोष्टी टिपून ठेवणे हितावह होईल : ही संज्ञा नेमके काय मोजते किंवा दर्शविते, तिचे एक उदाहरण, तेही मोठ्याने वाचून पारखलेले, आणि हाच शब्द आपल्या भाषेत कोणत्या अर्थाने येतो. यांपैकी तिसरी नोंद विशेष महत्त्वाची. समीक्षेचे भाषांतर करताना अनोळखी शब्दासाठी आपण कोश उघडतोच. 'यमक' मात्र जसाच्या तसा उतरवला जातो, आणि चूक कोणाच्याही लक्षात येत नाही.