‘मला नाही जमायचं!’

डोकेदुखी, अ‍ॅसिडिटी, झोप न लागणे या आमच्या दवाखान्यातल्या रोजच्या तक्रारी. पण रुग्णाशी बोलताना आणखी एक तक्रार निघते, जी घेऊन कोणी दवाखान्यात येत नाही. “काही छंद वगैरे?” असे विचारले की उत्तर ठरलेले, “छे हो डॉक्टर, आपल्याला कुठलं काय जमतंय!”

मध्यंतरी एक निवृत्त गृहस्थ आले. सरकारी कचेरीत 36 वर्षे नोकरी झालेली. रक्तदाब 150/95, झोप तुटक, बाकी तपासण्या ठीक. बोलता बोलता म्हणाले, “आता काय, दिवस ढकलायचे.” असे वाक्य डॉक्टरने कधी हलक्यावर घेऊ नये. मी भूक, झोप, उदासी, जगण्याचा कंटाळा, सगळे खोदून विचारले. नैराश्याचा आजार म्हणावा असे काही दिसले नाही. होते ते रिकामपण. शाळेत काय आवडायचे, असे विचारल्यावर जरा वेळाने म्हणाले, “चित्रं काढायचो. पण एलिमेंटरीच्या परीक्षेत नापास झालो. वडील म्हणाले, कागद फुकट घालवू नकोस. तेव्हापासून ब्रश हातात धरला नाही.” म्हणजे 45 वर्षांपूर्वीचा निकाल हे गृहस्थ अजून खिशात घेऊन फिरत होते!

रक्तदाबाची गोळी, मीठ कमी, सकाळचे चालणे हे लिहिलेच. त्याखाली लिहिले, ‘वही आणि पेन्सिल, रोज अर्धा तास. कुणाला दाखवू नये.’ औषधाच्या दुकानातल्या मुलाने म्हणे विचारले, “काका, हे कुठल्या कंपनीचं?”

महिन्याने ते वही घेऊन आले. तांब्या, कंदील, दारातली सायकल. “नातीने वही पळवलीच. मी काढलेला कुत्रा तिने शेळी म्हणून ओळखला,” असे सांगून स्वतःच मोठ्याने हसले. रक्तदाब उतरला होता, झोप बरी होती. श्रेय गोळीचे, चालण्याचे की वहीचे, ते मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण माणूस ‘दिवस ढकलायचे’वरून ‘सायकलची सावली कशी दाखवायची’ या प्रश्नावर आला, हे काम काही रक्तदाबाच्या गोळीचे नव्हे.

उशीर झाला असे वाटणाऱ्यांसाठी रवींद्रनाथ टागोरांचे उदाहरण आहे. कवितेच्या हस्तलिखितात खोडलेल्या ओळींना आकार देता देता ते साठीच्या पुढे चित्रकलेकडे वळले. रीतसर शिक्षण नव्हते. त्यांना लाल-हिरवा रंग नीट ओळखता येत नसावा, असेही अभ्यासकांनी लिहिले आहे. 1930 साली पॅरिसमध्ये त्यांचे पहिले प्रदर्शन भरले, आणि अखेरपर्यंत चित्रांची संख्या दोन हजारांच्या वर गेली.

तुम्ही म्हणाल, ते रवींद्रनाथ, आपण कोण? तर मग साधी माणसे पाहू. अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथील ड्रेक्सेल विद्यापीठातल्या संशोधकांनी 2016 साली एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. 18 ते 59 वयाच्या 39 जणांना माती, रंगीत पेन आणि चिकटकामाचे कागद दिले आणि 45 मिनिटे हवे ते करू दिले. आधी व नंतर लाळेतील कॉर्टिसॉल मोजले. शरीरावर ताण आला की मूत्रपिंडावरील ग्रंथी हे द्रव्य सोडतात. सुमारे 75 टक्के लोकांत ते कमी झाले. मला महत्त्वाचे वाटले ते पुढचे. आधी कलेचा सराव असणे वा नसणे याने निकालात फरक पडला नाही. चित्र बरे आले की वाईट, याची चौकशी ग्रंथी करीत बसत नाहीत! अभ्यास लहान आहे, त्यावरून गोळ्या बंद करू नयेत. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागानेही 2019 च्या अहवालात तीन हजारांहून अधिक अभ्यास पाहून कलेचा आरोग्याला उपयोग होतो, असेच म्हटले आहे.

याचे कारण फार गूढ नसावे. हात आणि डोळे एका कामात गुंतले की मनाला जुन्या गोष्टी उगाळायला सवड मिळत नाही. मात्र शेजारी परीक्षक बसवला की ही सवड पुन्हा मिळते. आणि हल्ली हा परीक्षक मोबाईलमध्येच असतो. कोणाची तरी अप्रतिम रांगोळी दोन मिनिटांत पूर्ण होताना पाहायची आणि आपला रंगाचा डबा माळ्यावर टाकायचा. माझे ऐकाल तर पहिला महिनाभर आपले काम कोणाला दाखवू नका, फोटो पाठवू नका आणि बिघडलेले पान फाडू नका. भजन म्हणा, पेटी वाजवा, शाडूच्या मातीचा बैल करा. आईबापांना एक विनंती. मुलाच्या चित्राला ‘हे काय काढलंस?’ ऐवजी ‘सांग बरं, यात काय चाललंय?’ असे विचारा.

आता सावधगिरीचे. पूर्वी आवडणाऱ्या गोष्टीही नकोशा झाल्या, उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, झोप-भूक बिघडली, जीव नकोसा वाटू लागला, तर हा प्रश्न छंदाचा नाही. तो आजार आहे आणि त्यावर चांगले उपचार आहेत. ताबडतोब डॉक्टरांकडे जावे. सरकारच्या ‘टेलि-मानस’ सेवेच्या 14416 या क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

शेवटी डोळ्यांविषयी. गोधड्या शिवणाऱ्या एका आजींनी सुई ठेवून दिली होती. “हात गेला माझा, टाके वाकडे पडतात,” म्हणत. हाताला काही झाले नव्हते, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. चाळिशीनंतर जवळचे अंधुक दिसणे तर सर्वांनाच आहे. तेव्हा ‘जमत नाही’ म्हणण्याआधी चष्म्याचा नंबर तपासून घ्यावा, खिडकीपाशी उजेडात बसावे आणि अर्ध्या तासाने उठून मान-पाठ मोकळी करावी. आजींची दुसऱ्या डोळ्याची शस्त्रक्रिया दिवाळीनंतर आहे. सुई मात्र त्यांनी आतापासूनच ओवायला घेतली आहे.