नंबर घालून हलवलेली घरं

सकाळी साडेनऊ. मध्य स्टॉकहोममधून सात नंबरची ट्राम पकडली की ती यूरगोर्डन बेटावर, स्कान्सेन या संग्रहालयाच्या जवळच सोडते. लाकडी घरांवर लेख लिहायचाय, म्हणून पिशवीत वही, टेप आणि बॅटरी. जुन्या घरांच्या आत अंधार असतो, बॅटरी लागतेच.

दहा. फाटक उघडलं. आर्तुर हासेलियस यांनी 1891 मध्ये हे संग्रहालय सुरू केलं. कारखाने वाढत होते, खेड्यांतली माणसं अमेरिकेची वाट धरत होती. तेव्हा या गृहस्थांनी घरंच उचलून आणायचं मनावर घेतलं. आता टेकडीवर दीडशेच्या आसपास इमारती आहेत. एका दिवसात सगळ्या बघायच्या म्हटलं तर एकही धड बघून होत नाही. अस्वलं आणि मूस हरणंही पाळलेली आहेत. पोरांची झुंबड तिकडे, ते माझ्या पथ्यावरच पडलं.

साडेदहा. डालार्ना प्रांतातल्या मोरा इथलं घर. स्कान्सेनवर अगदी आधी आलेल्यांपैकी हे एक. आत शिरण्याआधी कोपऱ्याशी उकिडवा बसलो, कारण खरी करामत तिथे आहे. प्रत्येक ओंडक्याची खालची बाजू पन्हळीसारखी कोरलेली, म्हणजे तो खालच्यावर घट्ट बसतो. फटीत शेवाळ ठासलेलं. कोपऱ्यावर दोन भिंतींचे ओंडके एकमेकांच्या खाचेत अडकतात आणि टोकं बाहेर डोकावतात. भिंत उभी राहते ती या खाचांवर, खिळ्यांवर नाही. म्हणूनच घर हलवता येतं: ओंडक्यांवर नंबर घालायचे, वरून एकेक उतरवायचा, नव्या जागी खालून रचत जायचं. पुण्यात वाडा पाडतात तेव्हा सुरूचे नक्षीदार खांब सुटे विकले जातात. कुठला खांब कुठल्या तुळईखालचा, हे कोण लिहून ठेवतो? मग तो हॉटेलच्या दारात शोभेला उभा राहतो.

बारा. हेर्येदालेनमधलं एल्व्हरूसचं शेतघर. आत चूल पेटलेली. जुन्या वेशातल्या बाई लाकडं सारता सारता येणाऱ्यांशी बोलत होत्या. लाकडी संग्रहालयात विस्तव! आपल्याकडे हे ऐकून अधिकाऱ्याला घाम फुटला असता. पण बंद, थंड घरात ओल साचते आणि ओल साचली की बुरशी आलीच. ऊब आणि माणसांची ये-जा हीच इथली निम्मी देखभाल. उरलेली निम्मी सुतारांची.

एक. संग्रहालयातल्याच शहरी वस्तीतल्या बेकरीत वेलदोड्याचा पाव. आपण वेलदोडा श्रीखंडासाठी जपून वापरतो, हे लोक रोजच्या कॉफीबरोबर खातात.

दोन. तांबड्या भिंती. हा रंग फालूनच्या तांब्याच्या खाणीतल्या मातीचा. पाणी, राय नावाच्या धान्याचं पीठ आणि जवसाचं तेल घालून तो खळीसारखा शिजवतात. लाकडावर त्याचा पापुद्रा धरत नाही, त्यामुळे आतली ओल बाहेर पडायला वाट राहते. गवताळ छपरात पाणी अडवते ती खालची बर्चची साल. वरची माती-हिरवळ ती साल दाबून धरायला.

तीन. कोठारं. नॉर्वेतून आणलेलं वास्तवाइत इथलं कोठार चौदाव्या शतकातलं, स्कान्सेनवरची सगळ्यात जुनी इमारत. उत्तरेकडच्या सामी लोकांची छोटी कोठी तर एकाच खांबावर उभी आहे, जंगली जनावरं साठ्यापर्यंत पोचू नयेत म्हणून. दोन्हीकडे धान्य-मांसाची काळजी माणसांच्या खोलीपेक्षा जास्त घेतलेली दिसते.

चार. सेग्लोरा चर्च, 1730 चं. 1916 मध्ये वेस्तेरयोतलांडहून इथे आलं. छपरालाच नव्हे, भिंतींनाही लाकडी ढलप्यांचं कवच. आतल्या रंगवलेल्या छताखाली वही उघडतोय तोवर पाहुणे यायला लागले. इथे लग्न लावायची स्टॉकहोमकरांना भारी हौस. मला नम्रपणे बाहेर काढलं. हरकत नाही, ढलप्यांची मापं बाहेरूनच घ्यायची होती.