अर्ध्या तासात दारात

रात्रीचे अकरा. टोकियोतली अरुंद गल्ली, पातळ भिंतींची दुमजली इमारत. विमानतळावरून आलेले तीन मित्र बॅगा खडखडवत जिना चढतात, कुलपाचा आकडा दोनदा चुकतो, हसणं-बोलणं वाढत जातं. शेजारच्या घरातले आजोबा बाहेर येऊन भांडत नाहीत. दारावरच्या पाटीवर एक नंबर असतो, तो ते फिरवतात. पलीकडे फोन उचलतो त्या घराचा व्यवस्थापक. घर त्याचं नाही, पाहुणेही त्याच्या ओळखीचे नाहीत. तरी ती रात्र निस्तरायची त्यानेच.

परदेशात राहून अल्प मुदतीच्या भाड्याची घरं सांभाळण्याचा व्यवसाय करावा, असं अनेकांच्या मनात येतं. स्वतःचं घर लागत नाही. दुसऱ्याचं सांभाळायचं आणि भाड्याचा साधारण पाचवा हिस्सा घ्यायचा, हे गणित कागदावर सोपं दिसतं. 2024 मध्ये जपानला 3 कोटी 68 लाखांहून अधिक परदेशी पाहुणे आले, त्यामुळे तिथे या कामाला मागणी आहे. नवख्याचं सगळं लक्ष मात्र फोटोंवर आणि पाहुण्यांनी दिलेल्या ताऱ्यांवर असतं. जपानमध्ये आधी जिंकावा लागतो तो शेजारी.

राहत्या घरात पैसे घेऊन पाहुणे उतरवण्याला तिथे ‘मिनपाकू’ म्हणतात. त्याचा कायदा 15 जून 2018 पासून लागू झाला. तोवर कितीतरी फ्लॅट परवान्याविना चालत होते आणि शेजारी वैतागले होते. कायदा येण्याच्या तोंडावर एअरबीएनबीने जपानमधली सुमारे 80 टक्के घरं यादीतून काढून टाकली. महिनोन्महिने आधी आरक्षण केलेल्या प्रवाशांची ऐनवेळी धावपळ झाली.

कोकणात न्याहारी-निवास चालवणारं कुटुंब बहुधा त्याच घरात किंवा अंगणापलीकडे राहतं. पाहुण्यांचा आवाज वाढला तर काकूच जाऊन सांगतात. जपानी शहरांत मालक अनेकदा दुसऱ्याच गावी असतो. म्हणून पाहुणे असताना मालक घरात नसेल, किंवा पाहुण्यांच्या खोल्या पाचपेक्षा जास्त असतील, तर नोंदणीकृत व्यवस्थापक नेमणं कायद्याने सक्तीचं केलं. काकूंची जागा भरून काढण्यासाठीच हा पेशा उभा राहिला, असं म्हणता येईल.

नोंदणी केंद्रीय मंत्रालयाकडे होते, शुल्क 90 हजार येन, आणि दर पाच वर्षांनी नूतनीकरण. पूर्वी त्यासाठी स्थावर मालमत्तेच्या क्षेत्रातला परवाना किंवा दोन वर्षांचा अनुभव लागायचा. 2023 पासून ठरावीक प्रशिक्षण पूर्ण करूनही पात्र होता येतं. परदेशी माणसापुढची खरी भिंत व्हिसाची आहे. स्वतःचा व्यवसाय चालवण्याच्या व्हिसासाठी लागणारं भांडवल 16 ऑक्टोबर 2025 पासून 50 लाख येनवरून थेट 3 कोटी येनवर गेलं. शिकायला गेलेल्यांना परवानगी घेऊन आठवड्याला 28 तास काम करता येतं. त्यांनी आधी एखाद्या नोंदणीकृत कंपनीत सफाईचं आणि फोन घेण्याचं काम करावं, हाच शहाणपणाचा रस्ता. व्यवस्थापनातलं महत्त्वाचं सगळं तिथेच कळतं.

उदाहरणार्थ, कचरा. सहा चटयांची खोली जेमतेम 10 चौरस मीटरची असते. कायद्याने माणशी 3.3 चौरस मीटर जागा हवी, म्हणजे तिथे फक्त तिघे. सकाळी ते निघून गेले की नवे पाहुणे येईपर्यंत चार-पाच तास हाताशी असतात. गाद्यांच्या खोळी काढायच्या, न्हाणीघरातले केस वेचायचे, मग ओट्याखालची एकच फुगलेली पिशवी उघडायची. आत नूडल्सचे डबे, केळीची सालं, अर्धवट चहाच्या बाटल्या, सगळं एकत्र. बाटलीचं झाकण वेगळं करायचं, वेष्टन सोलायचं, बाटली विसळायची, जळणारा कचरा निराळा बांधायचा. एवढं करूनही ती पिशवी गल्लीतल्या कचऱ्याच्या जागी ठेवायची सोय साधारणपणे नसते. पाहुण्यांचा कचरा घरगुती धरत नाहीत, धंद्याचा धरतात. तो परवानाधारक ठेकेदाराला पैसे मोजून द्यावा लागतो. नवख्याच्या अंदाजपत्रकात हा खर्च हमखास राहून जातो.

दुसरा फटका दिवसांचा. मिनपाकूला वर्षात जास्तीत जास्त 180 दिवस मिळतात, आणि स्थानिक नियम त्यालाही कात्री लावतात. टोकियोच्या शिंजुकू भागात, केवळ निवासी म्हणून राखलेल्या पट्ट्यांत शुक्रवार दुपार ते सोमवार दुपार एवढीच मुभा आहे. क्योटोत अशा पट्ट्यांत 15 जानेवारी ते 16 मार्च, म्हणजे ऐन थंडीत, जेव्हा ना चेरीचा बहर असतो ना लाल पानं. मालकाला बाराही महिन्यांच्या कमाईचं चित्र दाखवून काम मिळवणारा व्यवस्थापक पहिल्याच वर्षी तोंडघशी पडतो. उरलेल्या दिवसांसाठी महिन्याच्या कराराने भाडेकरू शोधावा लागतो, आणि तेही त्यालाच जमवावं लागतं.

कागदपत्रं किचकट असली तरी हळूहळू अंगवळणी पडतात. पाहुण्याचं नाव, पत्ता, व्यवसाय, परदेशी असेल तर राष्ट्रीयत्व आणि पासपोर्ट क्रमांक नोंदवायचा, ती वही तीन वर्षं जपायची. किती दिवस घर दिलं, कोणत्या देशाचे किती जण आले, याचा हिशेब दर दोन महिन्यांनी सरकारला जातो.

तक्रारीला मात्र वेळापत्रक नसतं. सरकारी मार्गदर्शक सूचनांनुसार गरज पडल्यास व्यवस्थापकाने 30 मिनिटांत, फार तर तासाभरात जागेवर पोचावं. क्योटोत हीच अपेक्षा सुमारे दहा मिनिटांची आहे, त्यामुळे शहराच्या दुसऱ्या टोकाला राहून ते काम घेताच येत नाही. आकडा चुकून दार उघडत नसेल तर ते फोनवर सुटतं. आजोबांची झोप मोडली असेल तर रात्री स्वतः जाऊन पाहुण्यांना गप्प करावं लागतं आणि सकाळी पुन्हा जाऊन वाकून माफी मागावी लागते.

अनेक ठिकाणी घर सुरू करण्याआधी शेजाऱ्यांना कळवण्याचा नियम आहे. पत्रपेटीत चिठ्ठी टाकूनही तो पाळता येतो. कामाची जाण असलेला व्यवस्थापक मात्र शनिवारी सकाळी मिठाईचा छोटा डबा घेऊन दारोदार जातो, आपलं नाव सांगतो, घरात किती जण उतरतील आणि कचरा कोण नेणार ते समजावतो. शेवटी एक कागद हातात देतो. त्यावर पाटीवरचाच फोन नंबर असतो, म्हाताऱ्या डोळ्यांना चष्म्याशिवाय वाचता येईल एवढ्या मोठ्या आकड्यांत.