चाक, स्की आणि बर्फ

बर्फावर उतरणाऱ्या प्रत्येक विमानाला चाकांऐवजी स्की लागते, असा समज सर्रास आढळतो. छायाचित्रांत तेच दिसते, त्यामुळे तो स्वाभाविकही आहे. प्रत्यक्षात प्रश्न असतो पृष्ठभाग किती भार पेलतो, हा.

यवतमाळच्या काळ्या रानात पावसाळ्यात बैलगाडीचे चाक रुतते. त्याच चिखलावर रुंद फळी टाकली की माणूस सहज पलीकडे जातो. वजन तेवढेच, पण ते जास्त जागेवर पसरते. स्की (विमानाखालची लांब, सपाट पट्टी) भुसभुशीत हिमावर हेच काम करते. उन्हाळ्यात तीच जमीन कडक झाली की गाडीला फळी लागत नाही.

अंटार्क्टिकात कडक जमिनीची जागा निळा बर्फ (दाबाने हवेचे बुडबुडे निघून गेलेला घट्ट बर्फ) घेतो. गोव्यातील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र भारताच्या तिथल्या मोहिमा आखते. भारताच्या १९८९ पासूनच्या 'मैत्री' स्थानकाजवळच्या नोवो या निळ्या बर्फाच्या धावपट्टीवर केपटाउनहून येणारे अवाढव्य इल्युशिन-७६ विमान चाकांवरच उतरते. स्कीची खरी गरज पुढे, भुसभुशीत हिमावरच्या तळांवर. तिथे बास्लर बीटी-६७ सारखी छोटी विमाने स्कीवर उतरतात.

स्कीला ब्रेक नसतात. विमान थांबते ते घर्षणाने आणि पंख्याचा जोर उलटा फिरवून. थांबल्यावरही वैमानिकाला निवांत बसता येत नाही: घर्षणाने कोमट झालेल्या स्कीखालचे हिम वितळते, पुन्हा गोठते आणि विमान जागीच चिकटते. म्हणून काही वेळा स्कीखाली फळ्या सरकवतात.