हे कोणी सांगितलं?

दिवाळीच्या सुट्टीनंतरची गोष्ट. तास संपल्यावर नववीतल्या एका मुलाने दप्तरातून एक पातळ पुस्तिका काढली. पानिपतच्या लढाईवरची, त्याच्या मामूंनी बसस्टँडवरून आणलेली. हळूच विचारतो, "सर, पानिपतात आपण कोणत्या बाजूला होतो?"

त्या 'आपण'नेच मला गप्प केलं. पुस्तिका चाळली. एका बाजूला सगळे हिंदू, दुसऱ्या बाजूला सगळे मुसलमान, मेलेल्यांचे मोठमोठे आकडे, आणि ही माहिती कुठून घेतली याचा पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एक शब्द नाही. लेखकाचं नावही नव्हतं.

मी म्हटलं, "बाजूचं मग बघू बेटा. आधी सांग, हे लिहिणाऱ्याला कोणी सांगितलं?"

हा सवाल आपल्या घरांना नवा नाही. हदीस सांगताना सनद सांगावी लागते, म्हणजे कोणी कोणाकडून ऐकलं ती साखळी. रावी खरं बोलणारा होता का, त्याची आठवण पक्की होती का, ज्याचं नाव घेतो त्याला तो भेटला होता का, हे मुहद्दिसांनी तपासलं. रावींच्या चरित्रांचं अस्माउर्रिजाल हे अख्खं शास्त्र त्यातून उभं राहिलं. चौदाव्या शतकात इब्ने खल्दून यांनी 'मुकद्दिमा'त इतिहासकारांना फौजांच्या आकड्यांवरून पकडलं. एवढे लोक त्या मैदानात मावतील का, त्या मुलखाला ते पोसवतील का, असा त्यांचा साधा हिशेब होता. पण आपण ही शिस्त दर्समध्ये ऐकतो आणि बाजारातून आणलेल्या पुस्तकापुढे विसरतो.

याच शिस्तीचा एक माणूस आमच्या धुळ्यात वारला. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे 31 डिसेंबर 1926 रोजी इथे गेले आणि 1927 मध्ये त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ इथेच निघालं. गावोगाव फिरून, जुन्या वाड्यांतली दप्तरं धुंडाळून त्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या नावाने 22 खंड काढले. पहिला 1898 चा, त्यात 1750 ते 1761 ची, म्हणजे पानिपतपर्यंतची पत्रं आहेत. बखर ही बहुधा मागाहून, ऐकीव गोष्टींवर लिहिलेली. पत्र त्याच दिवसांतलं, कामाच्या गरजेने लिहिलेलं. म्हणून आधी पत्र पाहा, असं त्यांचं म्हणणं.

त्या पत्रांवरची तारीख मला उर्दू शिकवणारा म्हणून फार आवडते. 'छ' म्हणजे चंद्र, पुढे आकडा आणि महिना: जमादिलाखर, रमजान, जिल्हेज. पेशव्यांचे कारकून हिजरी महिन्यांनी पत्रं लिहीत होते! पण पुष्कळ पत्रांवर साल नसतं, ते मजकुरावरून लावावं लागतं. राजवाड्यांनी लावलेल्या काही तारखा पुढच्या अभ्यासकांनी बदलल्या. शब्दांच्या व्युत्पत्तीत तर ते कधी कधी फारच लांब उडी मारतात. इतक्या मोठ्या माणसाचंही तपासूनच घ्यावं लागतं.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाला काशीराज पंडिताची गोष्ट सांगितली. हा मुळात दक्षिणेतला ब्राह्मण, पण नोकरी अवधच्या शुजाउद्दौलाकडे, म्हणजे अब्दालीच्या बाजूला. 14 जानेवारी 1761 ची लढाई त्याने डोळ्यांनी पाहिली आणि फारसीत लिहून ठेवली. साक्षीदार अस्सल, पण लिहिलं सुमारे वीस वर्षांनी. म्हणून तो सांगतो ते आकडे जपूनच घ्यायचे. आणि सदाशिवरावभाऊंच्या तोफा व कवायती पायदळ कोणाकडे? इब्राहिमखान गारद्याकडे. तो शेवटपर्यंत लढला, जखमी होऊन पकडला गेला आणि अब्दालीच्या छावणीत मारला गेला. बाजू धर्मावरून ठरल्या असत्या तर पंडित आणि खान, दोघंही चुकीच्या छावणीत सापडतात.

मुलगा खूश झाला. खरं सांगायचं तर मीही झालो, आणि तिथेच मला माझी शंका आली. त्याच आठवड्यात एका नातेवाइकाने मला एक मजकूर पाठवला होता. आपल्या लोकांच्या पराक्रमाचा, वाचून छाती फुगावी असा. त्यातही लेखक नाही, आधार नाही, आकडे मात्र गोल गोल. तो मी न तपासता तीन जणांना पुढे पाठवला होता. मामूंच्या पुस्तिकेला सनद विचारणारा मी, मला आवडलेल्या मजकुराला एक प्रश्न विचारला नव्हता. त्या तिघांना फोन करून तसं सांगितलं. एकाला राग आला.

ही पंडिती चैन नाही. 1 जुलै 2018 रोजी आपल्याच साक्री तालुक्यात, राईनपाड्याला, मुलं पळवणारी टोळी फिरते या अफवेवरून भिक्षेकरी समाजाच्या पाच माणसांना जमावाने ठार केलं. मोबाइलवर फिरणाऱ्या त्या मजकुराला कर्ता नव्हता. तो वाचणारे मात्र हजारो होते.

पंधरवड्याने तो मुलगा पुस्तिका घेऊन परत आला. जिथे जिथे आकडा होता तिथे समासात पेन्सिलीने लिहिलेलं, 'कोणी सांगितलं?' मामू नाराज आहेत म्हणाला. मग मला विचारतो, "सर, ते काशीराजने वीस वर्षांनी लिहिलं, हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

पुस्तकाचं नाव आठवलं, पान आठवेना. दुसऱ्या दिवशी पुस्तकच घेऊन गेलो.